वाऱ्याचे माप आणि पावसाचे माप : माहीमच्या संदर्भात एक चिकित्सा

(१)

चक्रीवादळाची थोरवी वाऱ्याच्या वेगावरून ठरविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. भारतीय हवामानखात्याच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा टिकून राहणारा वेग ताशी ६२ किलोमीटरांवर गेला की चक्रीवादळ, ८९ वर गेला की तीव्र, ११८ वर गेला की अतितीव्र, १६७ वर गेला की त्याहून वरची श्रेणी आणि २२२ वर गेला की महाचक्रीवादळ, अशी ही चढती भाजणी आहे. तीत पावसाला कोठेही स्थान नाही. वर्गीकरण कोणत्या तरी एका गुणावर आधारावे लागते व वारा हा मोजण्यास आणि तुलना करण्यास सोयीचा गुण आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या पद्धतीला दोष देण्याचे कारण उरत नाही. दोष आहे तो पुढच्या पायरीवर. वाऱ्यावरून ठरविलेली श्रेणी वाचकाच्या मनात नकळत सर्वच उत्पातांची श्रेणी होऊन बसते. ‘वादळ मोठे, म्हणून पाऊस मोठा’ हे अनुमान वृत्तपत्रांतून, भाषणांतून आणि पुष्कळदा अभ्यासपूर्ण लेखांतूनही विनातपासणी पुढे येते. वादळ लहान असले की उलट बाजूने तीच चूक होते आणि ती अधिक धोक्याची असते.

ह्या अनुमानाची परीक्षा करावयाची तर तिला एखादे निश्चित स्थळ हवे. मुंबईतील माहीम हे त्या दृष्टीने विशेष बोलके आहे. एका बाजूस अरबी समुद्राचा उपसागर, दुसऱ्या बाजूस मिठी नदीचे मुख असलेली खाडी, आणि दक्षिणेला कुलाबा व उत्तरेला सांताक्रूझ ही हवामानखात्याची दोन प्रमुख पर्जन्यमापक केंद्रे. माहीम ह्या दोहोंच्या मध्ये पडते. त्यामुळे ‘मुंबईत इतका पाऊस पडला’ असे विधान झाले, की ते माहीमला कितपत लागू आहे, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

(२)

प्रथम जागतिक निष्कर्षाचा विचार केला पाहिजे. समुद्रावर पर्जन्यमापक नसतात. त्यामुळे महासागरांवरील वादळांच्या पावसाचे पद्धतशीर ज्ञान उपग्रहांच्या आगमनापर्यंत जवळजवळ नव्हतेच. १९९७ मध्ये सोडलेल्या उष्ण कटिबंधीय पर्जन्यमापन उपग्रहाने आणि २०१४ पासून त्याच्या उत्तराधिकाऱ्याने ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. ह्या निरीक्षणांतून निघालेला मुख्य निष्कर्ष असा : वादळ जसजसे तीव्र होते, तसतसा त्याच्या केंद्राभोवतीचा पाऊस जोरकस होतो आणि त्या जोराचा कळस केंद्राच्या अधिक जवळ सरकतो. सौम्य वादळांत केंद्राभोवतीच्या वर्तुळावर घेतलेली सरासरी ताशी सुमारे ३ मिलिमीटर भरते, तर अत्यंत तीव्र वादळांत ती सुमारे १२ मिलिमीटरांपर्यंत जाते. हा फरक चौपटीचा आहे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. तीव्र वादळ सभोवतालची दमट हवा अधिक वेगाने आत ओढते, ती हवा केंद्राभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वर चढते आणि तिच्यातील बाष्प पाऊस होऊन खाली येते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, तर तिची बाष्प सामावण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेव्हा समुद्र तापत चालला असता वादळांचा पाऊसही वाढत जाणार, हा तर्कही ह्याच मालिकेत बसतो.

हा निष्कर्ष खरा आहे. त्याच्या सत्यतेविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो त्यातून काय निष्पन्न होते ह्याविषयी. पहिली गोष्ट, हा सरासरीचा निष्कर्ष आहे. अनेक महासागरांवरील शेकडो वादळे एकत्र करून काढलेली ती रेषा आहे; एखाद्या वादळाच्या एखाद्या दिवसाचे ते भाकीत नव्हे. दुसरी गोष्ट, तो पावसाच्या ताशी जोराविषयी बोलतो, तर जमिनीवरील माणसाला जाणवते ती एकूण बेरीज. जोर आणि बेरीज ह्यांच्यामध्ये ‘किती वेळ’ हा तिसरा घटक येतो आणि तो वाऱ्याच्या श्रेणीत कोठेच नसतो. तिसरी गोष्ट, तो केंद्राच्या आसपासच्या पट्ट्याविषयी आहे. वादळाचे केंद्र ज्या गावावरून गेलेच नाही, त्या गावाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. चौथी गोष्ट मापनाची आहे. उपग्रह विस्तृत चौकटीवरचा पाऊस अंदाजतो व अतिशय जोराचा, विशेषतः डोंगराळ भागातील पाऊस कमी धरण्याकडे त्याचा कल असतो. पर्जन्यमापक एका बिंदूवरचा पाऊस मोजतो, पण सोसाट्याच्या वाऱ्यात थेंब त्याच्या तोंडावरून आडवे निघून जातात व त्याचीही नोंद कमी भरते. ही दोन मापे एकाच कोष्टकात शेजारी शेजारी मांडताना जी सावधगिरी हवी, ती पुष्कळदा दिसत नाही.

(३)

‘किती वेळ’ ह्या घटकाचे महत्त्व जुन्या हवामानतज्ज्ञांच्या चांगले परिचयाचे होते. अमेरिकेत एक साधा आडाखा प्रचलित होता : शंभराला वादळाच्या पुढे सरकण्याच्या सागरी मैलांतील ताशी वेगाने भागावे, म्हणजे अपेक्षित कमाल पाऊस इंचांत मिळतो. वादळ ताशी दहा सागरी मैलांनी सरकत असेल तर दहा इंच, म्हणजे सुमारे २५४ मिलिमीटर. पाच मैलांनी सरकत असेल तर त्याच्या दुप्पट. ह्या आडाख्यात वाऱ्याच्या तीव्रतेला जागाच नाही. तो ढोबळ आहे हे उघड आहे; परंतु अनुभवी माणसांनी पावसाचा अंदाज करताना कोणता घटक हाती धरला आणि कोणता सोडून दिला, हे त्यावरून स्वच्छ दिसते.

२०१७ मधील हार्वे वादळाने ह्या आडाख्यालाच जणू दुजोरा दिला. ते टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा अतिशय तीव्र होते. परंतु पावसाचा मोठा भाग पडला तो त्याचा वारा पुष्कळ ओसरल्यानंतर, ते किनाऱ्याच्या आसपास काही दिवस रेंगाळत राहिले तेव्हा. नेदरलँड ह्या गावी एकूण १,५३९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाऱ्याच्या भाजणीत जे वादळ खाली उतरले होते, तेच पावसाच्या भाजणीत शिखरावर चढले होते.

हिंदी महासागरातील रेयुनियों बेटाचे उदाहरण आणखी एका घटकाकडे लक्ष वेधते. १९६६ च्या जानेवारीत ह्या बेटावरील फोक-फोक येथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. २००७ च्या फेब्रुवारीत गामेद वादळाच्या वेळी तेथीलच कॉमर्सन विवराजवळ बहात्तर तासांत ३,९३० मिलिमीटर पडला. हे जागतिक उच्चांक आहेत. गामेदचे केंद्र बेटावर आलेच नाही. ते दूरवरून गेले. पाऊस पाडला तो वादळाने आणि तीन हजार मीटरांहून उंच अशा डोंगराने मिळून. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराने अडविली व वर ढकलली. सह्याद्रीच्या पायथ्याशी वस्ती करून राहिलेल्या कोकणातील माणसाला हे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही.

अरबी समुद्रातही ह्याचा पडताळा आला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ वादळ कोकण किनाऱ्यासमोर निर्माण झाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा ह्या भागांत त्याने पाऊस पाडला तो ते बाल्यावस्थेत असताना. पुढे ते पश्चिमेकडे खोल समुद्रात गेले आणि तेथे महाचक्रीवादळाच्या पदवीला पोहोचले. कोकणातील ऐन कापणीच्या भाताचे नुकसान करणारे वादळ आणि विक्रमांच्या यादीत नोंदले गेलेले वादळ ही नावाने एक असली, तरी अवस्थेने निराळी होती.

(४)

आता मुंबईच्या दोन मापकांकडे वळावयास हरकत नाही. २६ जुलै २००५ ह्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाबा येथे ७३.४. दोन्ही केंद्रांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे आणि नोंदींत फरक जवळजवळ तेरा पटींचा. त्या दिवशी मुंबईवर चक्रीवादळ नव्हते. मोसमी प्रवाहात उत्तर मुंबईवर साचून राहिलेल्या ढगांच्या एका प्रचंड पुंजक्याने हा पाऊस पाडला. वाऱ्याच्या कोणत्याही श्रेणीत ह्या घटनेला स्थान मिळत नाही. तरीही मुंबईच्या आधुनिक इतिहासात पावसाने घेतलेला सर्वांत मोठा बळी हाच.

ह्याच्या उलट १७ मे २०२१ चा दिवस. ‘तौक्ते’ वादळ मुंबईच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरांवरून उत्तरेकडे गेले व त्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले. कुलाबा परिसरात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेले. १८ मेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला २३०.३ आणि कुलाब्याला २०७.६ मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्याच्या मानाने हे आकडे असाधारण होते. परंतु येथे लक्ष द्यावयाचे ते आकड्यांच्या मोठेपणाकडे नव्हे, तर त्यांच्या परस्परसंबंधाकडे. दोहोंत फरक आहे तो जेमतेम अकरा टक्क्यांचा.

ह्या दोन जोड्या शेजारी ठेवल्या म्हणजे पावसाच्या दोन प्रकृती समोर येतात. एक स्थानबद्ध, उंच ढगांच्या पुंजक्याचा पाऊस. तो एका उपनगराला बुडवितो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला केवळ भिजवितो. दुसरा वादळाच्या बाह्य पट्ट्यांचा पाऊस. तो सबंध शहरावर जवळजवळ सारखा पसरतो. पहिल्याची बेरीज दुसऱ्याच्या चौपट झाली, हे विशेष. म्हणजे मुंबईच्या बाबतीत अतिरेकी पावसाचा कळस चक्रीवादळाने गाठलेला नाही. कुलाब्याचा चोवीस तासांचा उच्चांक ५७५.६ मिलिमीटरांचा, तोही ५ जुलै १९७४ चा, ऐन पावसाळ्यातला. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडणाऱ्या ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्यात घरे, सुपारीच्या व नारळाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. पण मुंबईच्या पावसात त्याने तौक्तेसारखा आकडा नोंदविला नाही. तौक्ते दूरवरून गेले आणि भिजवून गेले. निसर्ग जवळ आले आणि झोडपून गेले.

ह्यावरून चक्रीवादळांचा पाऊस मुंबईला दुय्यम आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. अतितीव्र वादळाचे केंद्र प्रत्यक्ष मुंबईवरून गेल्याचा, किंवा एखादे वादळ ह्या किनाऱ्यावर दोन दिवस रेंगाळल्याचा अनुभव ह्या दोन मापकांच्या आधुनिक नोंदींत नाही. जे घडले नाही त्याची नोंद नसते. पण नोंद नाही म्हणून ते घडणार नाही, असे होत नाही.

(५)

नोंद आणि घटना ह्यांचा संबंध किती नाजूक आहे, ह्याचे एक उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन एक लाखावर माणसे मेली, असे विधान जगातील मोठ्या आपत्तींच्या अनेक याद्यांत आढळते. ते एका यादीतून दुसरीत उतरत गेले आणि वारंवार उतरल्यामुळेच विश्वसनीय भासू लागले. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. त्यातील एक लाख म्हणजे दर आठ माणसांमागे जवळजवळ एक माणूस. एवढा संहार झाला असता तर वृत्तपत्रे, शासकीय अहवाल, मृत्युनोंदी आणि कुलाबा वेधशाळेची दैनिके ह्यांपैकी कशात तरी त्याचा माग लागलाच असता. कुलाबा वेधशाळा १८२६ पासून अस्तित्वात होती. अमिताव घोष ह्यांच्या २०१६ मधील ग्रंथाने मुंबईवरील चक्रीवादळाचा प्रश्न सामान्य वाचकापुढे आणला. त्यानंतर ॲडम सोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८८२ च्या कथेला समकालीन आधार नसल्याचे दाखविले.

येथे चिकित्सकाने दोन्ही बाजूंनी सावध राहावयास हवे. ही कथा खोटी ठरली म्हणून मुंबईला वादळाचे भय नाही असे सिद्ध होत नाही. १८५४ मध्ये शहराने मोठी प्राणहानी व वित्तहानी करणारे वादळ अनुभवले होते; नोव्हेंबर १९४८ चे वादळ तर विसाव्या शतकातलेच. तेव्हा खोट्या कथेची गरजच नव्हती. खऱ्या घटना बोलक्या असताना काल्पनिक घटनेला साक्षीला बोलाविले, की ती उघडकीस येताच खऱ्या घटनांचाही शब्द हलका होतो. आणखी एक बाब अशी की ह्या कथेत आकडा आहे तो मृतांचा, पावसाचा नाही. वाऱ्याची आणि लाटेची भव्यता कल्पनेला सहज सुचते. मिलिमीटरांत मोजावयाचा पाऊस कल्पनेला सुचत नाही. तो कोणी तरी रोज सकाळी मोजावा लागतो.

(६)

भाषेचाही ह्या गोंधळात काही वाटा आहे. मराठीत ‘वादळ’, ‘तुफान’, ‘झंझावात’ हे शब्द प्राधान्याने वाऱ्याचे आहेत; पाऊस त्यांच्याबरोबर ‘वादळी पाऊस’ असा विशेष्य होऊन येतो आणि विशेषणाचा रंग घेऊन राहतो. ‘अतिवृष्टी’ हा शब्द फार जुना. संस्कृत ग्रंथांतील सहा ईतींत तिचे स्थान पहिले. परंतु आज ह्या शब्दाला दोन मापे आहेत. महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी समजली जाते. हवामानखात्याच्या परिभाषेत ६४.५ मिलिमीटरांपासून नुसता जोरदार पाऊस सुरू होतो आणि अत्यंत जोरदार म्हणावयास २०४.४ च्या पुढे जावे लागते. २६ जुलैचा कुलाब्याचा ७३.४ आणि सांताक्रूझचा ९४४.२ हे दोन्ही आकडे महसुली अर्थाने ‘अतिवृष्टी’च होत! ज्या शब्दात हे दोन्ही मावतात, त्याने इशारा देण्याचे काम होणे कठीण. ‘ढगफुटी’ची स्थिती निराळी. तासाला शंभर मिलिमीटर किंवा अधिक असा तिचा अर्थ आहे. सांताक्रूझला त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटर पडले तेव्हा तो शब्द सार्थ होता. पुढे मात्र तो कोणत्याही जोराच्या सरीला लावला जाऊ लागला.

(७)

आता माहीम. ह्या गावाच्या वाट्याला येणारे पाणी केवळ त्याच्या डोक्यावर पडणारे नाही. मिठी नदी विहार व पवईच्या बाजूने येते, सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या काठची पाणथळ जमीन गेल्या काही पिढ्यांत भरून काढण्यात आली. वांद्रे-कुर्ला संकुल अशाच जमिनीवर उभे आहे. एक चौरस किलोमीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. ९४४ मिलिमीटर म्हणजे त्याच एका चौरस किलोमीटरावर नऊ लाखांहून अधिक घनमीटर. जुन्या गटारांची रचना ताशी २५ मिलिमीटर पावसाची आणि तीही ओहोटीच्या वेळची. २६ जुलैला समुद्राला ४.४८ मीटरांची भरती होती. म्हणून माहीमचा पूर समजून घ्यावयाचा तर कुलाब्याचा आकडाही पुरा नाही व सांताक्रूझचाही नाही. उत्तरेकडे पडलेला पाऊस आणि पश्चिमेकडून अडविणारा समुद्र ह्यांची ती गाठ आहे.

चक्रीवादळात ही गाठ अधिक घट्ट बसते. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एका सेंटिमीटराने चढते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी उपसागरात लोटतो. नदीचे पाणी बाहेर पडण्याची वाट त्याच वेळी अरुंद होते. मोसमी ढगांच्या पुंजक्यात पाऊस भयंकर असला, तरी तो पुंजका स्वतः समुद्र उचलत नाही. भरती तेवढी तिच्या वेळेवर येते व ओसरते. वादळात मात्र पाऊस, लाट आणि वारा ह्यांचे मूळ एकच असते, म्हणून ती एकाच वेळी येण्याचा संभव मोठा. ह्या दृष्टीने तौक्तेचे २३० मिलिमीटर हे २००५ च्या ९४४ च्या चतुर्थांश होते असे म्हणून ते बाजूस सारणे योग्य नव्हे. खाडीचे तोंड किती वेळ मिटलेले राहील, ह्यावर त्या २३० चा अर्थ अवलंबून आहे. ही वाट मिटलेली असता निम्मा पाऊसही दुप्पट होऊ शकतो.

२००५ नंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने पूरपरिस्थितीची तपशीलवार छाननी केली. शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले. जून २०२० मध्ये पाऊस, भरती व नद्यांची पातळी ह्यांचा एकत्र विचार करणारी पूरसूचना-व्यवस्था मुंबईसाठी सुरू झाली. ही दिशा योग्य आहे, कारण तिने वाऱ्याच्या श्रेणीवर विसंबणे सोडले आहे. उणीव राहते ती लोकमानसात आणि लेखनात. वादळाच्या बातमीत श्रेणी मथळ्यात येते; ते किती वेगाने सरकत आहे, केंद्र किती दूर आहे, भरती किती वाजता आहे, ह्या गोष्टी शेवटच्या ओळींत जातात किंवा जातच नाहीत. माहीमच्या कोळीवाड्यातील नाखव्याला होडी वर ओढण्यासाठी वाऱ्याची श्रेणी हवी, हे मान्य. परंतु खाडीकाठच्या बैठ्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला धान्याचा डबा माळ्यावर केव्हा चढवावा हे ठरविण्यासाठी त्या श्रेणीचा काहीही उपयोग नाही. त्याला तास हवेत आणि मिलिमीटर हवेत.

सारांश, तीव्र वादळ अधिक जोराने बरसते हा महासागरांवरचा निष्कर्ष ग्राह्य आहे. तीव्र वादळ म्हणजे माहीमला मोठा पूर, हे त्यावरून काढलेले अनुमान ग्राह्य नाही आणि सौम्य वादळ म्हणजे निर्धास्तपणा, हे तर मुळीच नाही. वाऱ्याचे माप वाऱ्यापुरते ठेवून पावसाचे माप पावसाला द्यावे, आणि दोन्ही मापे ज्या खाडीच्या तोंडाशी एकत्र येतात तेथील भरतीची वेळ त्यांच्या शेजारी लिहावी, एवढीच ह्या चिकित्सेची मागणी आहे.